दंतकथा : ओठ झोपला, दाढ जागीच



मागच्या अंकात रूट कॅनालबद्दल लिहिताना मी एक वाक्य अगदी बेफिकिरीने लिहून गेले होते. हल्ली भुलीची इंजेक्शनं इतकी चांगली आहेत की रूट कॅनाल करताना काही कळतसुद्धा नाही, असं काहीतरी. अंक घरोघरी पोचला आणि चौथ्या दिवशी रात्री साडेनऊला फोन वाजला. पलीकडे आपल्याच मंडळातल्या एक बाई. नाव सांगत नाही, त्यांनीच तसं बजावलंय.

"ताई, लेख वाचला. छान आहे. पण माझ्या डाव्या खालच्या दाढेने तो वाचलेला दिसत नाही!"

मी हसले, पण पुढचं ऐकून हसू मावळलं. दाढ रात्र-रात्र ठणकत होती. गरम चहाचा घोट घेतला की मस्तकात कळ जायची, बर्फाचं पाणी तोंडात धरलं की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. डेंटिस्टकडे गेल्या. त्याने एक इंजेक्शन दिलं, मग दुसरं, मग तिसरं. ओठ बधिर, जीभ बधिर, अर्धी हनुवटी कुणी काढून नेल्यासारखी. आणि ड्रिल दाढेला टेकलं मात्र, बाई खुर्चीतून वीतभर उडाल्या. शेवटी त्याने आठवड्याच्या अँटिबायोटिक गोळ्या देऊन घरी पाठवलं. "मी भित्री आहे असंच त्याला वाटलं असणार. घरी आमचे हेसुद्धा तेच म्हणतात." त्याला तीन आठवडे झाले होते. बाई एका बाजूने चावत होत्या, दुखणं थांबवायच्या गोळ्या खात होत्या आणि पुन्हा त्या खुर्चीत बसायचं नाही असं ठरवून मोकळ्या झाल्या होत्या.

फोन ठेवला आणि मला १९९१ सालच्या एक काकू आठवल्या.

ओहायोत माझं स्वतःचं क्लिनिक सुरू होऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील. काकू पुण्याहून मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या. खालची उजवी दाढ सुजून लाल झालेली, दोन रात्री झोप नाही. मुलगा घेऊन आला. मी रीतसर इंजेक्शन दिलं, दहा मिनिटं थांबले, विचारलं, "काकू, ओठ जड झाला का?" त्या म्हणाल्या, "झाला गं." मी सुरुवात केली. त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर आवळली गेली. मी म्हणाले, "काकू, दुखणार नाही हं, नुसता दाब लागेल." त्या म्हणाल्या, "होईल सहन. तू कर तुझं काम. दोन बाळंतपणं काढलीत मी."

मी काम केलं. मध्ये त्यांच्या डोळ्यांच्या कडेने पाणी वाहून कानात जाताना दिसलं, तेव्हा आणखी एक इंजेक्शन दिलं, त्याच जागी. शेवटी नस उघडी पडल्यावर तिच्यातच सुई घातली. हा आमच्याकडचा जुना शेवटचा उपाय. लागू पडतो, पण तो क्षण मात्र भयंकर असतो. काकू तोंडातून आवाज न काढता पडून राहिल्या. पुढच्या अपॉइंटमेंटला आल्या नाहीत. सुनेचा फोन आला, "आईंना बरं वाटतंय, त्या म्हणतात राहू दे." मलाही ते खरं वाटून घेणं सोयीचं होतं.

आता हे असं का होतं ते सांगते, कारण यात ना त्या काकूंचा दोष, ना फोनवाल्या बाईंचा.

वरच्या जबड्याचं हाड पातळ आणि सच्छिद्र. दाताशेजारी हिरडीत औषध सोडलं की ते झिरपत मुळापर्यंत जातं. खालच्या दाढांभोवतीचं हाड बाहेरून नारळाच्या करवंटीसारखं घट्ट. बाहेर सोडलेलं औषध आत शिरता शिरत नाही. म्हणून आम्ही खूप मागे जाऊन, जबड्याची उभी बाजू असते तिच्या आतल्या अंगाला, जिथे नस हाडात शिरते तिथेच तिला गाठतो. चाळीचा पाण्याचा मेन कॉक बंद करावा तसं. ही नस पुढे त्या बाजूच्या सगळ्या दातांना फांद्या देते आणि उरलेली हनुवटीजवळ बाहेर पडून ओठाला जाते. म्हणून ओठ बधिर झाला की औषध नसेपर्यंत पोचलं एवढं नक्की कळतं.

पण एवढंच कळतं. दाढेचं काय, ते कळत नाही! आम्हाला कॉलेजात ओठ हीच खूण शिकवली होती आणि तिच्यावर मी कित्येक वर्षं भाबडेपणाने विसंबले. सुजलेल्या दाढेची नस चिडलेली असते. जरा खुट्ट झालं की संदेश पाठवायचा, असा तिचा स्वभाव होऊन बसतो. त्या नसेतल्या काही वाटाच अशा बदलतात की नेहमीचं औषध त्यांना दाद देत नाही. भर म्हणजे माणूस दोन रात्री जागा, घाबरलेला. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या दंतविभागात या प्रश्नावर वर्षानुवर्षं काम झालंय. तिथल्या आणि इतरांच्या पाहण्यांत असं दिसलं, की अशा ठणकणाऱ्या खालच्या दाढेला हे एकटं इंजेक्शन निम्म्याच्या आसपास लोकांना पुरतं, कधी त्याहूनही बऱ्याच कमी लोकांना. ओठ मात्र जवळजवळ सगळ्यांचा बधिर. म्हणजे "मला दुखतंय" म्हणणारा माणूस बहुधा खरंच बोलत असतो.

आणि हो, त्या अँटिबायोटिकबद्दल. नस नुसती सुजलेली आहे, ताप नाही, गालाला सूज नाही, अशा वेळी या गोळ्यांनी ठणका थांबत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ साली तसं स्पष्ट लिहून ठेवलंय. गोळ्या संपतात आणि दाढ आपली तशीच.

थोडा इतिहास सांगायचा मोह आवरत नाही. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर नावाच्या तरुण डॉक्टरने डोळ्यात कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर करून दाखवला. ही बातमी न्यूयॉर्कला पोचली आणि त्याच वर्षी विल्यम हाल्स्टेड आणि रिचर्ड हॉल यांनी खालच्या जबड्याच्या याच नसेला कोकेन टोचून पाहिलं. प्रयोग स्वतःवर आणि एकमेकांवर! हाल्स्टेड पुढे अमेरिकेतला मोठा सर्जन झाला, पण कोकेनचं व्यसन लागून आयुष्याचा चुथडा होता होता राहिला. पुढे कोकेन गेलं, नोव्होकेन आलं, १९४० च्या दशकात स्वीडनमधून लिडोकेन आलं. औषध बदलत गेलं, पण सुई टोचायची जागा मात्र जवळजवळ तीच राहिली. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ आम्ही त्याच एका कॉकवर अवलंबून होतो म्हणायला हरकत नाही.

दुसरा रस्ता असा, की करवंटीला बारीकसं भोक पाडायचं आणि औषध थेट आत, दाढेच्या मुळाशेजारच्या हाडात सोडायचं. आतलं हाड अनारशासारखं जाळीदार असतं. औषध त्या जाळीतून पसरतं आणि मुळाच्या टोकाशी जाऊन पोचतं. कल्पना नवी नाही, विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही लोकांनी करून पाहिलीय. पण तेव्हा हिरडी कापून मोठ्या ड्रिलने भोक पाडावं लागे, त्यामुळे फारसं कुणी त्या वाटेला गेलं नाही. लहान मुलाची शीर सापडत नाही तेव्हा इमर्जन्सीत नडगीच्या हाडातून सलाईन देतात ना, त्याच जातीचा हा प्रकार. नव्वदच्या दशकात यासाठी बारीक, सुटसुटीत साधनं सर्रास मिळू लागली आणि त्यावर नीट अभ्यास सुरू झाले. मी १९९८ साली एका शनिवारी याचा कोर्स केला.

खरं सांगते, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्याच पोटात गोळा आला. हाडाला भोक? पेशंटला हे सांगायचं कसं? पण करताना पेशंटला जे जाणवतं ते ऐकण्यापेक्षा बरंच कमी असतं. आधी नेहमीचं इंजेक्शन दिलेलं असतंच. जिथे भोक पाडायचं तिथल्या हिरडीत आणखी थेंबभर औषध सोडतात. मग दोन दातांच्या मधली जागा हेरायची, एक्स-रेवर मुळं किती लांब आहेत ते बघायचं, आणि दोघांच्या मध्ये, हिरडीच्या कडेपासून जरा खाली, हळू फिरणाऱ्या ड्रिलला लावलेली केसासारखी बारीक टोकदार सळई टेकवायची. सळईची जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. दोन ते पाच सेकंदांत ती एकदम आत गेल्यासारखी वाटते. सुतारकाम करणाऱ्यांना ती जाणीव ओळखीची असेल, लाकूड संपून पोकळी लागते तशी. हाडाच्या त्या भागाला स्वतःची अशी फार संवेदना नसते, त्यामुळे पेशंटला थरथर आणि आवाज जाणवतो, कळ सहसा नाही. मग त्याच भोकातून छोटी सुई घालून औषध हळूहळू, मिनिट-दीड मिनिट घेऊन सोडायचं.

अवघड काय असेल तर ते भोक परत सापडणं! सळई बाहेर काढली की हिरडी मिटते आणि सुई घेऊन शोधत बसायचं. अंधारात सुईत दोरा ओवावा तसं. सुरुवातीला मी घामाघूम व्हायची. पुढे एक साधन आलं, एक्स-टिप, ज्यात एक छोटी नळी भोकातच राहते आणि सुई तिच्यातून आरामात जाते. कुणीतरी आमच्यासारख्यांची दया येऊन ते बनवलं असावं.

परिणाम? औषध सोडून होईतो दाढ गप्प झालेली असते. दहा मिनिटं वाट बघत बसायला नको. नेहमीच्या इंजेक्शनने ज्यांचं भागलं नाही, त्यांच्यातल्या दहापैकी आठ-नऊ जणांना याने आराम पडतो, असं त्या अभ्यासांत दिसलं. मलाही साधारण तसाच अनुभव आला.

पण याची दुसरी बाजू मी स्वतः खुर्चीत पडून अनुभवली. २०११ साली माझीच दाढ गेली. कॉलेजच्या दिवसांत पुण्यात चांदी भरलेली, तिच्याखाली कीड पोचलेली. ज्या सहकारी मैत्रिणीकडे मी गेले तिने आधी नेहमीचं इंजेक्शन दिलं. ओठ बधिर. मग तिने दाढेला गार स्प्रे लावलेला कापूस टेकवला आणि मी, इतरांना "नुसता दाब लागेल" सांगणारी मी, किंचाळले. तिने हाडातून औषध दिलं. देण्याआधी म्हणाली, "आता तुझं हृदय धडधडेल, घाबरू नकोस, चार मिनिटं घड्याळाकडे बघ." मला हे सगळं पाठ होतं. मीच शेकडो जणांना सांगितलेलं! तरी विसर्जनाच्या मिरवणुकीतला ढोल छातीत वाजायला लागला तेव्हा, 'आता आपलं काही खरं नाही' असं वाटून गेलं. चौथ्या मिनिटाला ढोल शांत. पुन्हा गार कापूस टेकवला, दाढेला पत्ताच नाही.

ही धडधड का, तर हाडाच्या जाळीत रक्तवाहिन्या भरपूर. लिडोकेनमध्ये ते जास्त वेळ टिकावं म्हणून किंचित ॲड्रेनलिन मिसळलेलं असतं, ते चटकन रक्तात जातं आणि ठोके मिनिटाला वीस-पंचवीसने वाढू शकतात. धडधाकट माणसाला त्याने अपाय होत नाही. पण ज्यांना हृदयविकार आहे, रक्तदाब ताब्यात नाही, किंवा प्रोप्रॅनोलॉलसारखी काही औषधं चालू आहेत, त्यांनी हे आधी सांगायलाच हवं. त्यांच्यासाठी ॲड्रेनलिन नसलेलं मेपिव्हाकेन वापरता येतं. त्याने धडधड होत नाही, फक्त भूल लवकर उतरते, अर्ध्या तासाच्या आसपास, म्हणून हात जरा भराभर चालवावा लागतो.

आणखी काही गोष्टी आहेत. जिथे हिरड्यांचा रोग आहे, पू आहे, तिथे भोक पाडत नाहीत. दोन मुळं चिकटून असतील तर मध्ये जागाच नसते. लहान मुलांच्या हाडात पुढचे दात तयार होत असतात, तिथे फार जपून. क्वचित सळई तुटते, ती बहुधा बाहेरून पकडून काढता येते. थोड्या जणांना पुढचे काही दिवस ती जागा दुखते, क्वचित सूज येते. थोडक्यात, कुणीही उठून करावं असं हे काम नाही, शिकलेल्या हाताने करावं.

हल्ली आणखी एक मधला मार्ग निघालाय. आर्टिकेन नावाचं औषध जर्मनीत १९७० च्या दशकापासून होतं, अमेरिकेत २००० साली आलं. ते गालाच्या बाजूने हिरडीत दिलं की खालच्या घट्ट हाडातूनही लिडोकेनपेक्षा बरं झिरपतं. त्यामुळे बरेच डेंटिस्ट नेहमीच्या इंजेक्शनच्या जोडीला आधी हे देऊन बघतात, आणि तेवढ्याने भागलं नाही तर हाडाकडे वळतात. मीसुद्धा हल्ली याच क्रमाने जाते.

आपल्या लोकांची एक खोड मात्र मी इतक्या वर्षांत पुरती ओळखलीय. दुखलं तरी सांगायचं नाही. डॉक्टरला वाईट वाटेल, मागे लोक थांबलेत, आपण बाईमाणूस असून ओरडायचं कसं, किंवा पुरुष असून ओरडायचं कसं. त्यातून इंग्रजीत सांगायचं म्हणजे आणखी संकोच. तेव्हा एवढं एकच वाक्य पाठ करून ठेवा : 'माय लिप इज नम, बट माय टूथ इज नॉट.' आणि ड्रिल लावण्याआधी दाढेला गार लावून बघा अशी विनंती करा. गार कळलं तर भूल पुरेशी नाही. 'इंट्राऑशियस' हा शब्द उच्चारला की डेंटिस्ट चमकून तुमच्याकडे बघेल, पण हरकत नाही. तो स्वतः करत नसेल तर रूट कॅनालच्या स्पेशालिस्टकडे, म्हणजे एंडोडॉन्टिस्टकडे, पाठवेल.

आई-वडील किंवा सासू-सासरे भारतातून यायचे असतील तर निघण्यापूर्वी तिकडेच दात दाखवून घ्यायला सांगा. प्रवासाच्या विम्यात दातांचं सहसा काही बसत नाही, बसलं तरी जुजबी. आणि त्यांच्या गोळ्यांची नावं, डब्यावरचं लेबल नव्हे तर गोळीतल्या औषधाचं नाव, एका कागदावर लिहून ठेवा. "बीपीची पांढरी गोळी" ऐकून मला काहीच कळत नाही.

त्या काकूंकडे मी २००३ साली गेले होते. पुण्याला कशासाठी तरी गेले होते, त्यांच्या सुनेने पत्ता दिला. काकू आता एकट्याच राहत होत्या. लाडू पुढे केला, स्वतः घेतला आणि डाव्या बाजूने चावू लागल्या. ती उजवी दाढ त्यांनी परत आल्या-आल्याच काढून टाकली होती. मी धीर करून विचारलं, "काकू, तेव्हा तुम्हाला दुखत होतं ना?"

"दुखत होतं की!" त्या अगदी सहज म्हणाल्या. "पण तू म्हणालीस दुखणार नाही. परक्या देशात एकटी एवढं काम करतेस, तुला कशाला खोटं पाडायचं?"

मी लाडू संपवला. दुसरं काय करणार?

फोनवाल्या बाईंना मी एका एंडोडॉन्टिस्टचं नाव दिलं. परवा त्यांचा पुन्हा फोन आला. काम झालं होतं. धडधड झाली, त्यांनी घड्याळाकडे बघितलं, तीन मिनिटं चाळीस सेकंद, असं अगदी मोजून सांगितलं. त्याने गार लावून बघितलं, मग ड्रिल लावलं, आणि बाई मध्येच डुलकी लागून घोरल्या म्हणे. "हे आता कुणाला सांगू नका," असं म्हणाल्या, पण ही गोष्ट लिहायची परवानगी मी त्यांच्याकडून काढून घेतली. आता त्यांचा एकच प्रश्न आहे, पक्की कॅप बसेपर्यंत चकली खाल्ली तर चालेल का?

नाही चालणार.